वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपमधले व्हिडिओ खालच्या टीव्हीला का सापडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर जेलीफिन (लॅपटॉपमधले व्हिडिओ घरातल्या इतर उपकरणांना दाखवणारा सर्व्हर) टाकलंय, लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कातला पत्ता, १९२.१६८.०.१०५, खाली हॉलमधल्या टीव्हीचा १९२.१६८.१.२०, मोबाइल वरच्या वायफायला जोडला की सगळं मस्त चालतं पण टीव्हीला सर्व्हरच सापडत नाही, फायरवॉल बंद करून झाली, जेलीफिन दोनदा काढून परत टाकलं. आधी ती फायरवॉल परत चालू करा, दोष तिचा दिसत नाही. दोन्ही आयपींमधला तिसरा आकडा बघा, एकीकडे ० आणि एकीकडे १, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्क झालीयेत. इंटरनेटवाल्याने खाली राऊटर बसवला, वर रेंज येईना म्हणून तुम्ही दुसरा आणला आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची वायर लावायच्या खाचेत) लावली, बहुतेक असंच असणार.

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. बाबांच्या भजनी मंडळाची जुनी रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर नीट लावून ठेवली, त्यांना ती हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर बघायची होती, रोज संध्याकाळी विचारायचे "लागलं का रे?" आणि माझे दोन रविवार त्यात गेले, कारण सर्व्हर न सापडणं आणि सर्व्हरपर्यंत न पोचणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत हे मला कळलंच नव्हतं.

सापडण्याचं असं असतं की डीएलएनएवाला टीव्ही (म्हणजे वेगळं ॲप न टाकता घरातले व्हिडिओ सर्व्हर शोधू शकणारा) २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, पोर्ट १९०० वर (हा पोर्ट म्हणजे खाच नव्हे, नुसता क्रमांक) हाक मारतो, "कोणी सर्व्हर आहे का?" क्रोमकास्टची हाक २२४.०.०.२५१ वर, पोर्ट ५३५३. जेलीफिनचं ॲपसुद्धा आपल्याच नेटवर्कात हाक मारून सर्व्हर शोधतं. घरगुती राऊटर या हाका पलीकडच्या नेटवर्कात नेत नाही, त्यामुळे लॅपटॉपला ती ऐकूच येत नाही, मग तुम्ही जेलीफिन दहा वेळा टाका.

पोचण्याची अडचण जास्त चिवट. मोबाइल खालच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१०५:८०९६ टाकून बघा, उघडणार नाही. खालच्या राऊटरला १९२.१६८.० वालं नेटवर्क कुठे आहे हेच माहीत नाही, तो मोबाइलची ती मागणी बाहेर इंटरनेटकडे ढकलतो आणि असे खासगी पत्ते बाहेर चालत नसल्यामुळे ती तिकडेच मरते. उलट वरच्या लॅपटॉपवरून खालचा राऊटर बिनदिक्कत उघडतो, इंटरनेटही चालतं, म्हणून आपल्याला वाटतं नेटवर्क तर ठीक आहे.

माझ्या मते दोन नेटवर्क मुद्दाम वेगळी ठेवायचं कारण नसेल तर ती एक करून टाका. वरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड असेल तर ॲक्सेस पॉइंट (म्हणजे वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देणं) निवडा, झालं. नसेल तर आधी खालून आलेली वायर काढा (हे विसरू नका, वायर लावलेली असताना पत्ता बदलायला गेलात तर काही राऊटर तो घेत नाहीत किंवा स्वतःच दुसरा घेतात), लॅपटॉप वायरने वरच्या राऊटरला जोडा, राऊटरचा लॅन आयपी (घरातल्या बाजूचा पत्ता) १९२.१६८.१ मधलाच पण खालच्या राऊटरच्या डीएचसीपी रेंजबाहेरचा (तो उपकरणांना आपोआप वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा) द्या, मग नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा आणि ती वायर आता वॅनमध्ये नाही तर लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत) लावा. लॅपटॉपला १९२.१६८.१ वाला आयपी मिळाला की टीव्हीवर सर्व्हर आपोआप यायला हवा. आमच्याकडे लगेच आला, बाबा त्या रात्री साडेअकरापर्यंत उठले नाहीत.

खालचा राऊटर घरमालकाचा वगैरे असेल आणि नेटवर्क वेगळंच ठेवायचं असेल तर वरच्या राऊटरवर ८०९६ हा टीसीपी पोर्ट लॅपटॉपकडे फॉरवर्ड करा (म्हणजे त्या क्रमांकावर आलेलं सगळं राऊटर लॅपटॉपकडे पाठवेल) आणि टीव्हीवरच्या जेलीफिन ॲपमध्ये पत्ता हाताने टाका, पण लॅपटॉपचा नाही, वरच्या राऊटरचा वॅन आयपी (खालच्या राऊटरने त्याला दिलेला पत्ता), तो १९२.१६८.१ ने सुरू होणारा असेल, पुढे :८०९६. लॅपटॉपचा आणि राऊटरचा, दोन्ही आयपी रिझर्व्ह करून ठेवा, म्हणजे ते बदलणार नाहीत, नाहीतर महिन्याभराने परत बंद पडेल. या मार्गाने डीएलएनए मात्र चालणार नाही, कारण हाक अजूनही पोचत नाही.

टीव्ही चुकून गेस्ट वायफायला तर नाही ना तेही बघा, गेस्टवरून घरातली बाकी उपकरणं सहसा दिसूच देत नाहीत. आणि सापडल्यावर व्हिडिओ अडकत असेल तर ते दुखणं वेगळं, तेव्हा जेलीफिनच्या डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) चालू आहे का ते आधी बघा.

वरच्या राऊटरचं मॉडेल आणि त्याच्या स्टेटस पानावर दिसणारा वॅन आयपी इथे टाका, कुठलं पान उघडायचं ते नेमकं सांगतो.