विमानाच्या कॅनोपीखालच्या उन्हाला हलक्यात घेऊ नको
बघ भावा, मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ ला जातो आणि कॅनोपीखाली, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाखाली, त्याहून लई जास्त तापतं, कारण ऊन आत येतं पण गरम हवेला बाहेर जायला वाट नसते. त्यात १००० मीटर वर गेलं की यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) साधारण १० टक्के वाढतं, म्हणून फुल बाह्यांचा सुती शर्ट आणि सनस्क्रीन पाहिजेच, पोलराइज्ड गॉगल मात्र नको, विमानातल्या उपकरणांची स्क्रीन काळी दिसते. विमान उभं असताना पांढरं कव्हर घाल. घरची सोलापुरी चादर टाकावी वाटेल पण नको टाकू, धूळ अडकून कॅनोपीच्या अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात. आणि तहान लागायच्या आधीच पाणी पी, डोकं जड झालं तर सरळ खाली उतर.