छळ सोसणाऱ्या अहिंसावादी भिक्खूचं नाव नोबेलसाठी कसं सुचवायचं? सह्यांची मोहीम चालेल का?

सह्यांनी नामांकन होत नाही, लाखभर जमवल्या तरी. नोबेल शांतता पुरस्कारासाठी नाव सुचवण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे, त्यातले मुख्य म्हणजे: देशाच्या संसदेचे खासदार, केंद्रीय मंत्री, पूर्वीचे विजेते, आणि इतिहास, समाजशास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान किंवा धर्म शिकवणारे विद्यापीठातले प्राध्यापक. आमदार चालत नाही, रसायनशास्त्राचा प्राध्यापकही नाही.

मुदत ३१ जानेवारी. पण प्राध्यापकाला दिवाळीच्या सुमारासच गाठा आणि हातात दोन पानी टिपण द्या: अटक कधी, कलम कोणतं, शिक्षा किती, शिवाय भिक्खूंच्या स्वतःच्या पत्रांचं इंग्रजी भाषांतर. नुसती विशेषणं कामाची नाहीत.

नेहमीची चूक म्हणजे गाजावाजा. नामांकनं ५० वर्षं गुप्त ठेवतात. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये व्हिएतनामचे बौद्ध भिक्खू थिक न्हात हान्ह यांचं नाव सुचवलं आणि ते जाहीरही केलं. त्या वर्षी पुरस्कार कुणालाच मिळाला नाही. (कारण तेच होतं, असं मात्र म्हणता येत नाही.)

माझ्या मते आधी नॉर्वेतल्याच बर्गेन शहरातून मानवी हक्कांसाठी दिला जाणारा राफ्तो पुरस्कार बघा. तिथे कुणीही नाव सुचवू शकतं. व्हिएतनाममध्ये बंदी असलेल्या बौद्ध संघाचे थिक क्वांग दो यांना तो २००६ मध्ये मिळाला. ते मठात नजरकैदेत होते, त्यामुळे जाऊ शकले नाहीत, पण नाव जगभर पोचलं. आंग सान सू ची, रामोस-होर्ता, किम दे-जुंग आणि शिरीन एबादी यांना आधी राफ्तो, मग नोबेल मिळालं.

आणि वेळ दवडू नका, मरणोत्तर नामांकन घेत नाहीत. क्वांग दो २०२० मध्ये गेले.