मूडलवर जागा अडते कुठे?

प्रश्न: कॉलेजच्या मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली) कोर्सची अपलोड मर्यादा ५० एमबी करायची आहे, पण मर्यादा निवडायची यादी २ एमबीलाच थांबते. जुने व्हिडिओ काढले, तरी सर्व्हरची जागा तेवढीच भरलेली दिसते. काय करावे?

उत्तर: मर्यादा पीएचपी (मूडल ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालते ती), साइट, कोर्स आणि असाइनमेंट अशा चार ठिकाणी असते, सर्वांत लहान आकडा चालतो. २ एमबी हा पीएचपीचा मूळ आकडा. सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ ५० आणि ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ६० एमबी करून घ्या. पीएचपी पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. ‘४१३’ अशी चूक दिसली, तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मर्यादाही वाढवा. ती मुळात १ एमबीच असते.

जागेचे कारण वेगळे. मूडल एकच फाइल दहा कोर्समध्ये असली तरी एकदाच साठवते. त्यामुळे नऊ ठिकाणांहून काढली, तरी जागा सुटत नाही. शिवाय रिसायकल बिन साधारण ७ दिवस फाइल धरून ठेवते आणि शेवटची सफाई क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप कामे करणारी सर्व्हरवरची सोय) करतो. आधी क्रॉन चालू आहे का, तेच पाहा. बहुधा तिथेच घोडे अडलेले असते. मूडल फाइल साठवते त्या ‘फाइलडिर’ फोल्डरमधून हाताने मात्र काही पुसू नका, दुसऱ्याच कोर्सचे साहित्य कायमचे जाईल.