60 फूट काँक्रीट आणि एक चेक

प्रश्न : सांगलीच्या उपनगरात आमचं बैठं घर आहे. मी निवृत्त शिक्षिका. यजमानांना चालायला त्रास होतो म्हणून गेटपासून पोर्चपर्यंतची जुनी शहाबादी फरशी काढून मार्चमध्ये काँक्रीटचा रस्ता करून घेतला. लांबी 60 फूट, रुंदी 12 फूट. करार नाही, ठेकेदाराचं व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आहे : खोदाई, मुरूम, सोलिंग (दगडांचा थर), त्यावर 6 इंच एम-25 काँक्रीट, 200 रुपये चौरस फूट, एकूण 1,44,000. खाली लिहिलंय, 'क्युरिंग मालकाकडे.' 70,000 बँकेतून आणि 30,000 रोख दिले. उरलेल्या 44,000चा 30 जून तारखेचा चेक त्याने आधीच घेतला आहे. मे महिन्यात भेगा पडल्या. जूनच्या पहिल्या पावसात सगळं पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे गेलं, भिंतीखालून त्यांच्या अंगणात. त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : 15 दिवसांत काँक्रीट फोडा. ठेकेदार म्हणतो, भेगा तुमच्यामुळे पडल्या, तुम्ही पाणी मारलं नाही. आणि चेक वटला नाही तर माणसं आणून सगळं उखडून नेईन. मुलगा पुण्याहून सांगतो, लगेच फोडून दुसऱ्याकडून करून घ्या. मी काय करू? कामाच्या दिवशीचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : बाई (शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही), मुलाला सांगा, घाई करू नकोस. पुरावा आत्ता तुमच्या अंगणातच पसरला आहे. एकदा ब्रेकर चालला की तो डंपरमध्ये बसून गेला. मग ठेकेदार ग्राहक आयोगासमोर शपथेवर सांगेल की काँक्रीट 6 इंच होतं, आणि तुमच्याकडे दाखवायला नुसता राडारोडा.

तुमच्या पत्रात भेगांबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. माझ्या मते भेगा हीच तुमची सगळ्यात दुबळी बाजू. कोटेशनमध्ये 'क्युरिंग मालकाकडे' आहे आणि ते तुम्ही मान्य केलंत. मार्चच्या उन्हात काँक्रीटकामाच्या भारतीय मानक 456 प्रमाणे किमान 10 दिवस काँक्रीट ओलं ठेवावं लागतं, आणि फ्लाय ॲशचं (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर 14 दिवस ठेवण्याची शिफारस आहे. किती दिवस पाणी मारलं हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. त्यावरून मी समजायचं ते समजलो. भेगांवर भांडलात तर ठेकेदाराचा वकील पहिल्याच तारखेला हा कागद पुढे करेल. दर 12 फुटांवर कटरने जॉइंट (काँक्रीटला आकसायला जागा देणाऱ्या खाचा) कापायला हवे होते, ते तुमच्या फोटोत कुठे दिसत नाहीत, आणि ती चूक त्याचीच. पण तो मुद्दा दुसऱ्या रांगेत बसवा.

पहिल्या रांगेत बसते जाडी. तुमचा चौथा फोटो पुन्हा उघडा. काँक्रीटच्या गाडीचा ड्रायव्हर चलन (मालाची पावती) हातात धरून उभा आहे. फोटो मोठा केला की वाचता येतं : 6 घनमीटर, एम-20. ग्रेड, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत, इथेच एक पायरी खाली आली, कोटेशनमध्ये एम-25 होतं. आता हिशेब करू. 6 घनमीटर म्हणजे साधारण 212 घनफूट. ते 720 चौरस फुटांवर पसरलं तर थर होतो साडेतीन इंचांचा. 6 इंचांसाठी 360 घनफूट, म्हणजे 10 घनमीटरहून जास्त माल लागला असता. एका गाडीत तो मावत नाही, आणि 'एकच गाडी आली, दोन तासांत आटोपलं' हे तुम्हीच फोटोखाली लिहिलं आहे. बाई, गणित तुम्ही शिकवत होतात की मराठी, माहीत नाही. पण ही केस तिसरी-चौथीच्या गणितावर उभी राहू शकते.

तो म्हणेल, दुसरी गाडी नंतर आली. म्हणून मोजून ठेवा. स्लॅबच्या कडेला, आपल्या बाजूने, फूटभर खड्डा घ्या. काँक्रीटची उघडी कड पुसून त्यावर स्टीलची टेप उभी धरा आणि टेपचे आकडे दिसतील असा जवळून फोटो काढा, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून. असे तीन ठिकाणी. काँक्रीटखाली मुरूम आणि सोलिंग आहे की थेट काळी माती, तेही तिथेच दिसेल. आपल्याकडची काळी माती उन्हात आकसते आणि पावसात फुगते. ती न काढता वर काँक्रीट ओतलं असेल तर भेगांचं खापर एकट्या क्युरिंगवर फुटत नाही. तेव्हा तुमचा भेगांचा मुद्दाही जिवंत होईल, पण या वाटेने.

ताकदीसाठी कोअर टेस्ट लागते. ड्रिलने काँक्रीटचा दंडगोल काढून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो दाबून फोडतात. किमान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली नाही, तर काम पास, असा मानकाचा नियम आहे. कोअरची लांबी म्हणजे स्लॅबची जाडी, त्यामुळे एका खर्चात दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. एक मात्र करा : कोअर काढायच्या आधी ठेकेदाराला दिवस आणि वेळ लेखी कळवा, 'हजर राहा' म्हणून. आला नाही तर त्याची मर्जी. पण न बोलावता केलेल्या चाचणीवर पुढे 'माझ्या पाठीमागे केली' हे ठरलेलं रडगाणं ऐकावं लागतं.

आता चेक. यात आठवडाही दवडू नका.

चेक न वटण्याबद्दलचं कलम 138 (परक्राम्य संलेख कायदा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) लोकांना वाटतं त्याहून जास्त चावतं. 'खात्यात पैसे होते, मी फक्त स्टॉप पेमेंट केलं' म्हणून सुटका होत नाही. पेमेंट थांबवल्यामुळे परत आलेल्या चेकवरही खटला चालतो. चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत ठेकेदार तुम्हाला नोटीस पाठवणार, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात त्याची कोर्टात फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक देणं लागत असलेल्या रकमेपोटीच दिला, असं कायदा गृहीत धरतो. ते खोडायचं काम तुमचं.

तरीही चेक वटू द्या, असं मी म्हणणार नाही. एकदा 44,000 गेले की ते परत मिळवायला वर्षं जातील. सर्वोच्च न्यायालयाने 2001मध्ये एमएमटीसी विरुद्ध मेडचल केमिकल्स या निकालात एक वाट मोकळी ठेवली आहे : खात्यात पुरेशी रक्कम होती आणि योग्य कारणासाठी पेमेंट थांबवलं, हे चेक देणाऱ्याने सिद्ध केलं तर गुन्हा होत नाही. म्हणून क्रम सांभाळा. आधी ठेकेदाराला लेखी पत्र : चलनावर 6 घनमीटर आणि एम-20 आहे, जाडी अमुक मोजली, उतार चुकीच्या बाजूला आहे, मोजमाप आणि चाचणी होऊन हिशेब होईपर्यंत चेक भरू नये. हे स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि व्हॉट्सॲपवरही. मग बँकेला स्टॉप पेमेंटचं पत्र, त्यात हेच कारण. आणि चेकच्या तारखेपासून तीन महिने, म्हणजे सप्टेंबरअखेर, खात्यातली शिल्लक 44,000च्या खाली जाऊ देऊ नका. पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर खर्चाला दुसरं खातं वापरा. एवढं करूनही त्याची 138ची नोटीस आलीच, तर ती कपाटात ठेवून देऊ नका. 15 दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

पत्रात 'एक पैसा देणार नाही' असं रागाचं वाक्य नको. 'जेवढं काम झालं तेवढ्याचा हिशेब करायला मी तयार आहे' असं लिहा. पुढे न्यायाधीश ते पत्र वाचणार आहेत.

रोख 30,000ची पावती नाही, असं दिसतं. आजच त्याला साधा मेसेज टाका : 'तुम्हाला आतापर्यंत बँकेतून 70,000 आणि रोख 30,000 मिळून 1,00,000 दिले आहेत, 44,000चा चेक तुमच्याकडे आहे.' तो बहुधा चेकवरूनच भांडत उत्तर देईल आणि रोख रक्कम नाकारायची विसरेल. आणि फोन बदलू नका, चॅट पुसू नका. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फोनमधल्या पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

उखडून नेण्याची धमकी मनावर घेऊ नका. जमिनीत बसलेलं काँक्रीट जमिनीच्या मालकाचं. तो माणसं घेऊन आवारात शिरला तर तो गुन्हेगारी अतिक्रमण आणि नुकसानीचा गुन्हा आहे. धमकीचा मेसेज जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात साधा तक्रार अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

शेजाऱ्यांबाबत मात्र तुमची बाजू मला घेता येत नाही. ठेकेदाराने तुम्हाला सांगितलं असेल की पाणी वरून खाली जाणारच, कायदाही तेच म्हणतो. अर्धं खरं आहे. 1882च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू देणं खालच्या जमीनमालकाला भाग आहे. पण त्यातला 'नैसर्गिकपणे' हा शब्द गिळून चालत नाही. फरशीच्या फटींतून मुरणारं आणि रस्त्याकडे जाणारं पाणी काँक्रीटने अडवून भिंतीकडे वळवलं, तर ते नैसर्गिक राहिलं नाही. 'ठेकेदाराने केलं' हेही उत्तर तिथे चालायचं नाही. नोटीस मिळाल्यावर तुम्हाला ते कळलं आहे. आता तसंच चालू ठेवलं तर उपद्रव तुमचा. कोर्ट विशिष्ट अनुतोष कायद्याखाली ते दूर करायचा हुकूम देऊ शकतं.

पण त्यासाठी 60 फूट फोडायची गरज नाही. खड्ड्यांचे आणि कोअरचे फोटो झाले की भिंतीच्या कडेने आपल्या हद्दीत 6 इंच रुंदीची चर कापून घ्या, वर लोखंडी जाळी, उतार गेटकडे, आणि शेवट रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात. मैल्याच्या चेंबरला जोडू नका, पहिल्याच मोठ्या पावसात ते उलटं भरून घरात येईल. चर कापण्याआधी मोजणीचा नकाशा काढून बघा. भिंत नेमकी कोणाच्या हद्दीत आहे यावर नवीन भांडण नको. शेजाऱ्यांच्या वकिलांना कळवा की अमुक तारखेपर्यंत पाण्याची व्यवस्था करत आहोत. आणि त्याआधी, शक्य असेल तर, संध्याकाळी स्वतः त्यांच्याकडे जाऊन ओलं झालेलं अंगण बघून या. माझ्या धंद्याचं नुकसान होतं, तरी सांगतो : अशा निम्म्या नोटिसा चहाच्या कपाबरोबर संपतात.

चरीच्या खर्चाचं बिल जपा. तो ठेकेदाराकडून मागायचा आहे. करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे नुकसान वाढू न देणं ही मागणाऱ्याचीही जबाबदारी असते. चर काढलीत म्हणून तुमचा दावा कमजोर होत नाही, उलट न काढल्याने होईल.

एक फोटो असाही आहे की ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. गेटबाहेर महापालिकेच्या गटारावर काँक्रीटचा तीन फुटी रॅम्प चढवलेला दिसतो. रस्त्यावरचं असं बांधकाम आयुक्त नोटीस न देता काढू शकतात, महानगरपालिका अधिनियम कलम 231. शेजाऱ्यांचा वकील हुशार असेल तर पुढचा अर्ज तिकडेच जाईल. त्याआधी वॉर्ड कार्यालयात विचारून तेवढा तुकडा काढा आणि उचलता येणारी जाळी बसवा.

तक्रार कुठे करायची? सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. लेखी करार नाही याची चिंता नको, कोटेशन आणि दिलेले पैसे म्हणजेच करार. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षं, ऑनलाइन अर्ज ई-जागृती पोर्टलवर. मागणी करताना जाडी आणि ग्रेडमधल्या फरकाची रक्कम किंवा पुन्हा काम करण्याचा खर्च, चर, चाचणी, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढंच मागा. काँक्रीट पुरवणाऱ्या प्लँटकडून त्या दिवसाची चलनं मागवावीत, असा अर्जही तक्रारीबरोबर द्या. आयोगाला ते अधिकार आहेत, आणि दुसरी गाडी खरंच आली होती का ते तिथेच कळेल. चाचणीची गरज असेल तर पाच महिन्यांत निकाल लावावा, असं कायदा म्हणतो. तारखा त्याहून जास्त पडतील, तेवढी तयारी ठेवा.

यजमानांसाठी तोवर भेगांच्या कडा सिमेंटने बुजवायला हरकत नाही. मात्र आधी प्रत्येक भेगेचा टेप लावून फोटो काढा, आणि ठेकेदाराच्या माणसाला ते काम देऊ नका. उद्या बँक उघडली की ठेकेदाराला पाठवलेल्या पत्राची पोस्टाची पावती आणि व्हॉट्सॲपची प्रत घेऊन स्वतः काउंटरवर जा. स्टॉप पेमेंटच्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.