मुलांना चित्राखाली गमतीदार कॅप्शन लिहायला कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न असा आहे की, सातवीच्या वर्गात एखादं मजेदार चित्र दाखवून ‘याखाली एक विनोदी ओळ लिहा’ म्हटलं तर मुलं चित्रात दिसतंय तेच लिहून देतात. मी बरीच वर्षं भाषा शिकवतो आणि प्रत्येक नव्या वर्गात सुरुवात अशीच होते. मुलांना विनोद कळत नाही म्हणावं, तर मधल्या सुट्टीत पाच मिनिटं त्यांच्याजवळ उभं राहून बघा. खरं कारण आपणच लावलेली सवय. चित्र समोर आलं की मुलांचा हात आपोआप चित्रवर्णन लिहू लागतो, कारण तिथे दिसतं ते सगळं लिहिलं की गुण मिळतात. कॅप्शनमध्ये उलट, जे दिसत नाही तेवढंच लिहायचं असतं.

हे तोंडी सांगून पोचत नाही. मी घराच्या छतावर चढलेल्या बकरीचा फोटो लावतो. पहिल्या फेरीत निम्मा वर्ग लिहितो, ‘बकरी छतावर चढली आहे.’ मी ती ओळ फळ्यावर लिहितो आणि विचारतो, ‘ही ओळ झाकली तर चित्रातलं काही कमी होतं का?’ नाही होत. मग ती ओळ कशाला हवी, हे मुलंच बोलतात. त्यानंतर दोन मिनिटं लिहायला पूर्ण बंदी, फक्त बघायचं. बकरी कुठे बघतेय, खाली कोण आहे, तिला तिथे काय हवं असेल? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. चित्रातल्या कुणालातरी काहीतरी हवंय, हे सापडलं की ओळ सुचू लागते.

मग ठरवायचं, बोलतंय कोण? बकरी, खालचा घरमालक, की दुसरी बकरी? एकदा एका मुलाने लिहिलं, ‘खाली रेंज नसल्यामुळे बकरी छतावर चढून फोनवर बोलत आहे.’ कल्पना छान, पण वर्ग हसला नाही. आम्ही ती ओळ बकरीच्या तोंडी दिली: ‘हं, आता बोल. खाली रेंज नव्हती.’ थोडं हसू आलं. मग तोच म्हणाला, ‘खाली नव्हती रेंज!’ आणि वर्ग फुटला.

माझ्या मते मराठीत कॅप्शन शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ज्या शब्दात गंमत आहे तो मधे अडकतो आणि मागून ‘आहे’, ‘होते’, ‘असतो’ येऊन त्याच्यावर पाणी ओततात. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये हसण्याचं कारण सांगितलं, ते असं की ताणलेली अपेक्षा एकाएकी फुस्स झाली की हसू येतं. म्हणजे अपेक्षा शेवटच्या शब्दापर्यंत ताणून धरायला हवी. बोलताना आपण शब्दांची जागा सहज बदलतो, पण वहीत मुलं ते करायला घाबरतात. त्यांना उघड परवानगी द्या: क्रियापद पुढे आणा, नाहीतर गाळून टाका. गाडीच्या चालकाच्या जागी बसलेल्या कुत्र्याचं चित्र होतं. पहिली ओळ आली, ‘मालकांना खिडकीतून डोकं बाहेर काढायची सवय असल्यामुळे गाडी मी चालवतो.’ दोनदा छाटल्यावर झाली, ‘गाडी मीच चालवतो. मालकांचं डोकं सारखं खिडकीबाहेर!’

भाषेची पट्टी बदलणं हा दुसरा हुकमी उपाय. त्याच बकरीसाठी एका मुलीने अर्जाची भाषा वापरली: ‘विषय: छतावरून खाली उतरवण्याबाबत.’ बातमीची भाषा, सामन्याच्या समालोचनाची भाषा, आईची रागावण्याची भाषा मुलांना तोंडपाठ असते, फक्त ती इथे चालते हे माहीत नसतं. शाब्दिक कोट्या मात्र मी पहिले काही तास थांबवतो. एकदा कोट्यांची चटक लागली की मुलं चित्राकडे बघायचंच सोडतात.

‘द न्यूयॉर्कर’ हे अमेरिकी नियतकालिक २००५ पासून वाचकांसाठी नियमित कॅप्शन स्पर्धा घेतं. ओळ नसलेलं व्यंगचित्र छापतात, आलेल्या ओळींतून तीन निवडतात आणि वाचक मत देतात. तिथल्या चित्रांत विचित्रपणा आधीच असतो आणि बोलणारं पात्र जणू काही घडलंच नाही अशा थाटात बोलतं. मी मुलांना हेच सांगतो: चित्रातल्या पात्राला स्वतःचं काही मजेदार वाटत नसतं. ‘हा हा’ आणि हसरे चेहरे काढून टाका.

प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या आणि पहिल्या दोन खोडायच्या, हा आमचा नियम. पहिली सुचलेली ओळ शेजाऱ्यालाही सुचलेली असते. ओळ दहा शब्दांच्या आत. चिठ्ठ्या नाव न घालता गोळा करा आणि तुम्ही स्वतः सपाट आवाजात वाचा, नाहीतर धीट मुलांच्या ओळींनाच हशा मिळतो. हसू आलं की लगेच विचारा, कुठल्या शब्दावर आलं? तो शब्द बदलून पुन्हा वाचा. मुलांचे कान यातूनच तयार होतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वर्गातल्या कुणाचा फोटो कधीही घेऊ नका, त्याने स्वतः दिला तरी. मी एकदा सहलीचा समूहफोटो घेतला. एका मुलाच्या तोंडी कुणीतरी घातलेलं वाक्य त्याचं टोपणनाव होऊन वर्षभर त्याला चिकटलं. तो हसत होता, म्हणून मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून नियम असा: पात्र काय बोलतं, त्याला काय हवंय यावर विनोद, ते कसं दिसतं यावर नाही. रंग, जाडी, कपडे, दात यांवरची चिठ्ठी मी वाचत नाही आणि लिहिणारा कळला तर का वाचली नाही हे नंतर त्याला एकट्याला सांगतो.

पहिले तीन-चार तास फक्त प्राणी आणि वस्तू घ्या. रांगेत एकच पाठमोरी खुर्ची, कपाटात अडकलेली छत्री, असलं काहीही चालेल. मुलांनीच काढलेली चित्रं तर फारच उत्तम. माणसांचे फोटो त्यानंतर आणा, तेही अनोळखी माणसांचे आणि वापरायची मुभा असलेले.