तुमचे प्रश्न : ‘विषय पुढील सभेवर’

प्रश्न : भाई, माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला गेला, त्याला सात वर्षं झाली. परवा फोनवर म्हणाला, शस्त्रकपातीचे करार जिथे ठरवायचे त्या जिनिव्हाच्या नि:शस्त्रीकरण परिषदेत भारत सदस्य आहे आणि पोर्तुगाल नाही. मला खरं वाटेना. साडेचारशे वर्षं इथे राज्य करणारे बाहेर आणि आम्ही आत? शिवाय या परिषदेने १९९६नंतर एकही करार केला नाही म्हणतो. मग नियम बदलत का नाहीत?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : भाच्याची दोन्ही विधानं खरी. पहिलं आधी घेतो, कारण गोंयकाराला त्यात जरा गंमत वाटावी. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. त्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच १४ मार्च १९६२ला जिनिव्हात अठरा राष्ट्रांची नि:शस्त्रीकरण समिती बसली. पाच अमेरिकेच्या गोटातले, पाच रशियाच्या आणि आठ अलिप्त. त्या आठांत भारत होता. पोर्तुगाल नाटोत असूनही त्या पाचांत नव्हता. (फ्रान्सला जागा दिली होती, तो आलाच नाही.)

तिचीच पुढची पिढी म्हणजे १९७९ साली चाळीस सदस्यांनिशी सुरू झालेली आजची परिषद. १९९६मध्ये तेवीस देश घेतले, १९९९मध्ये आणखी पाच. बेरीज अडुसष्ट होते, पण सदस्य पासष्ट आहेत, कारण पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया हे तीन देश मधल्या काळात नकाशावरूनच गेले. १९९९नंतर एकालाही आत घेतलेलं नाही. पोर्तुगालला निरीक्षक म्हणून बसायचं तरी दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला एकाही सदस्याने नको म्हटलं की संपलं.

आता नियम. परिषदेच्या नियमावलीतला अठरावा नियम सांगतो की कामकाज आणि निर्णय सर्वानुमते होतील. वाचायला किती छान! मी आमच्या वाड्यावरच्या नाट्यमंडळाचा अकरा वर्षं चिटणीस होतो. आमच्याही घटनेत हेच वाक्य. एका वर्षी चवथ झाली, दसरा झाला, जत्रा तोंडावर आली, तरी नाटक ठरेना. एका सभासदाचा हट्ट असा की जावयाला कोणतं काम देणार ते आधी सांगा, मग संहिता वाचायला घ्या. इतिवृत्ताच्या वहीत माझ्याच अक्षरात पाच वेळा लिहिलेलं आहे : ‘विषय पुढील सभेवर’. पाचव्या वेळी शाईसुद्धा फिकी झालीय.

जिनिव्हात हेच चालू आहे. अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या युरेनियम-प्लुटोनियमचं उत्पादन थांबवण्याचा करार १९९५पासून विषयपत्रिकेवर घुटमळतोय. पाकिस्तान म्हणतो, आधीचे साठेही हिशोबात धरणार असाल तरच बसू, नाहीतर भारत कायमचा पुढे राहील. बाकीचे काही म्हणतात, फक्त पुढचं उत्पादन. म्हणजे वाटाघाटी सुरू व्हायच्या आधीच त्यांचा शेवट ठरवून हवा! २९ मे २००९ला कामाचा कार्यक्रम, म्हणजे वर्षभरात कशावर बोलायचं ती यादी, एकदाचा मंजूर झाला. पण तो अंमलात कसा आणायचा, यावरही सर्वांचं एकमत हवं. ते झालं नाही, वर्ष संपलं आणि वर्षासोबत कार्यक्रमही संपला. दर जानेवारीत पाटी कोरी.

आमची पोरं शेवटी पडदा उचलून शेजारच्या वाड्यावर गेली आणि नाटक करून आली. पण पेटीवाला आणि तबलजी जुन्या मंडळातच राहिले, त्यामुळे पदं सुनीसुनी झाली. भूसुरुंगबंदीचा १९९७चा करार, क्लस्टर बॉम्बबंदीचा २००८चा आणि १२२ देशांनी मत दिलेला २०१७चा अण्वस्त्रबंदी करार, तिन्ही असेच बाहेर झाले. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान यांपैकी एकही देश त्या तिन्हींत कुठेच नाही.

पाकिस्तानला मात्र एकट्याला बोल लावू नका. १९९६च्या ऑगस्टमध्ये अणुचाचणीबंदी करार याच परिषदेत भारताने अडवला. अरुंधती घोष तेव्हा आपल्या राजदूत. मग ऑस्ट्रेलियाने तो मसुदा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला आणि १५८ विरुद्ध ३ मतांनी तो मंजूर झाला. ते तिघे म्हणजे भारत, भूतान आणि लिबिया. आपली अडचण खरी होती, असं मला आजही वाटतं. बहुमताने कुणाची शस्त्रं काढून घेता येत नाहीत, आपलीही नाहीत.

म्हणून माझं मत असं : कराराच्या अंतिम मसुद्याला सर्वानुमत राहू दे. पण बैठक कधी बसवायची, निरीक्षकाला खुर्ची द्यायची का, गेल्या वर्षीचा कार्यक्रम पुढे चालवायचा का, यासाठी कशाला? तिजोरीचं कुलूप स्वयंपाकघरालाही लावून ठेवलंय, आणि मग घरात चूल पेटत नाही म्हणून तक्रार. सदस्यत्वही मागेल त्याला द्यावं. अडचण एवढीच की हा बदल करायलाही अठराव्या नियमाप्रमाणे पासष्टच्या पासष्ट जणांचा होकार लागतो. आमच्या मंडळात तो सभासद मुलाकडे पुण्याला राहायला गेला, तेव्हा कुठे घटना दुरुस्त झाली. देश तसे कुठे जात नाहीत.

प्रश्न : २०२२मध्ये याच परिषदेचं अध्यक्षपद उत्तर कोरियाला कुणी दिलं? निवडणूक झाली होती का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : कुणीच दिलं नाही, बाय. इंग्रजी वर्णमालेने दिलं. वर्षात चोवीस आठवडे काम, प्रत्येक अध्यक्षाला चार आठवडे, म्हणजे वर्षाला सहा अध्यक्ष. तुझं नाव हजेरीपटावर जिथे असेल तिथे तुझी पाळी. २०१८मध्ये सीरियावर अशीच पाळी आली, तेव्हाही ओरड झाली. एकदा हुकली की पुढची पाळी यायला जवळजवळ अकरा वर्षं. आणि चार आठवड्यांत अध्यक्ष करणार काय? पहिला आठवडा भेटीगाठींत जातो, शेवटचा निरोपाच्या भाषणात.