अमेरिकेतले नवाहो आदिवासी लोक चारा नसतानाही एवढे घोडे का ठेवतात? विकून का टाकत नाहीत?

विकायचे कुणाला? अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने 2007 सालीच बंद पडले. मोकाट घोड्याला कोण भाव देणार?

मी ॲरिझोनात, नवाहोंच्या मुलखाजवळच्या फ्लॅगस्टाफला राहतो. घर धनगराचं, गाव माण तालुक्यात. "मेंढरं विकून टाका, रान खाऊन टाकलंत" हे आमच्या आबांनी जन्मभर ऐकलं, म्हणून तुमचा प्रश्न झोंबला.

2018 च्या मे महिन्यात नवाहोंच्या मुलखातल्या ग्रे माउंटनजवळ आटलेल्या तळ्याच्या चिखलात 191 मोकाट घोडे मेले. पाण्यासाठी आत शिरले ते मांडीपर्यंत, काही मानेपर्यंत रुतले. त्यानंतर आठवड्याभराने ऑफिसातल्या नवाहो मित्राच्या आजीकडे गेलो होतो. सोबत सुट्टीवर आलेला माझा मेहुणा. गाडीत त्याचं एकच: "यांना जनावर सांभाळायची अक्कलच नाही."

आजी घोड्यांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. काठीने समोरचा कोरडा ओढा दाखवला. मित्र म्हणाला, तिच्या आईच्या शेळ्या तिथे गोळ्या घालून मारल्या. नेल्या नाहीत, तिथेच कुजू दिल्या.

1930 च्या दशकातली ही गोष्ट. अमेरिकी सरकारच्या आदिवासी खात्याचे आयुक्त जॉन कॉलियर यांच्या खात्याला धास्ती, की इथली माती वाहून बोल्डर धरणात (आताचं हूवर धरण) गाळ साचेल. म्हणून जनावरं कमी करा. नवाहोंशी केलेल्या 1868 च्या करारात 15,000 शेळ्यामेंढ्या देऊ म्हणणारं सरकार हेच. कळप बायकांचे, मंजुरी मात्र नवाहो पुरुषांच्या कौन्सिलची! पुढे चराईचे परवाने आले, त्यात एक घोडा म्हणजे पाच मेंढ्या असा हिशेब. आजही कुणी "कमी करा" म्हटलं की त्यांना तो ओढा आठवतो.

आमच्याकडेही वाड्याचं, म्हणजे मेंढरांमागे फिरणाऱ्या तळाचं, बिऱ्हाड घोडीच्याच पाठीवर असतं. ती म्हातारी झाली तरी आबांनी विकली नाही. मेहुण्याला हे गाडीतच सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही.

बाकी, घोडे जास्त झालेत हे खरंच आहे. रानाला ते झेपत नाहीत, मेंढ्यांचा चाराही तेच खातात, हे नवाहो लोकही म्हणतात. घोडीला गर्भ राहू नये म्हणून इंजेक्शन आहे, पण ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मेहुण्याने शिंगरू असलेल्या मोकाट घोडीजवळ सुई घेऊन एकदा जाऊन दाखवावं. बांधलेल्या म्हशीला टोचायचं तरी तो दावणीपासून दहा हात लांब उभा असतो.